तळ्यात पाय टेकले

आमच्या घरी अंकलिपी कधी विकत आणली नाही. बाबा पालघरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छपाईत वाया गेलेली, एका बाजूने कोरी राहिलेली पत्रकं पिशवीत घालून ते संध्याकाळी चिंचणीला आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. गुलाबी कागदावर ‘जाहीर सभा’, पिवळ्यावर ‘तीव्र निषेध’, पांढऱ्यावर ‘बंधूंनो, जागे व्हा’. आपण बंधू नाही आणि आपल्याला कोणीच जागं करत नाही, हे लक्षात यायला मला काही वर्षं लागली. लक्षात आलं तेव्हापासून मी स्वतःची पत्रकं लिहायला लागले.

पहिलं पत्रक तळ्यासाठी होतं. गावातल्या तरुण मंडळाने तळ्यात पोहण्याचा वर्ग काढला होता, फक्त मुलांचा. मी शाईने लिहिलं, ‘तळं गावाचं आहे. गावात मुलीही राहतात.’ त्याच्या प्रती करून एक शाळेच्या फाटकाला लावली, एक मंडळाच्या फळ्यावर आणि एक पिठाच्या गिरणीत. मंडळाच्या चिटणिसाने फळ्यावरची प्रत फाडली. गिरणीतली राहिली, आणि गिरणीत बायका येतात. उन्हाळ्याआधी मुलींना सकाळचा पहिला तास मिळाला.

शिकवायला गावात नव्याने राहायला आलेल्या एक बाई तयार झाल्या; आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचे यजमान बोईसरजवळ नव्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर हिशेबनीस होते. प्रकल्पाच्या कामासाठी तेव्हा देशावरून, खानदेशातून बरीच कुटुंबं येत होती, त्यांतलंच हे एक. वहिनी कृष्णाकाठच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या पाण्यात उतरायच्या आणि पदर न भिजवता तळं पार करून यायच्या, असं गावात सांगत. ते खोटं होतं, पदर भिजायचा. पण बाई पोहते हे बघून पोरींच्या आयांना धीर आला.

शिकण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. नवी मुलगी आधी भोपळ्यावर. पोखरून वाळवलेला मोठा भोपळा काथ्याच्या दोरीने पाठीशी बांधायचा. हातपाय जमले की भोपळा सोडून दोन सुके नारळ, सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीसकट. मग एकच नारळ. मग काहीच नाही, तिला आम्ही ‘मोकळी’ म्हणत असू. मोकळ्या मुलींतून चांगल्या वेगाच्या निवडून वहिनी त्यांना शर्यतीसाठी तयार करायच्या. तेलाचे रिकामे डबे दोरीला बांधून पाण्यात पट्टे आखलेले असत. वहिनी पितळी थाळीवर चमचा आपटायच्या की त्या मुली निघायच्या. मे महिन्यात ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलींची एक शर्यत होती.

आमच्यात सगळ्यांत वेगवान होती ती किनाऱ्यावरच्या मासेवाल्यांच्या आळीतली. माझ्याच वयाची, पण शाळा चौथीत सोडलेली. आईबरोबर टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची, तिथून परत आल्यावर जाळी विणायला बसायची. पोहायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. खाडीत होडी नांगरली की टोपल्या काठाला आणायच्या असत, त्यात ती पोहायला लागली. तिची मान कायम पाण्याबाहेर असायची, हंसासारखी. वहिनी ओरडायच्या, “अगं, तोंड पाण्यात घाल! मान वर ठेवून वेग येत नाही.”

“तोंड घातलं तर लाट कशी दिसंल वैनी?”

“तळ्यात कुठली आली लाट?”

“मी हात मारते ती काय हाय मग?”

पण ती शिकली. आठवड्याभरात तोंड पाण्यात घालून, कुशीवर वळून श्वास घ्यायला लागली, आणि मग तिच्या पट्ट्यात कोणी तिच्या आसपाससुद्धा राहिलं नाही. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं पाणी खाली ओढतं, असं ती म्हणायची. त्या ओढणाऱ्या पाण्यात ती अशी जायची की मागे राहिलेल्या मुली मध्येच थांबून तिच्याकडे बघत बसत.

मी तेव्हा भोपळ्यावर होते.

एक सांगायला हवं. शर्यतीच्या मुली फक्त आपापला सराव करायच्या आणि भोपळ्यावरच्या आम्ही काठाशी डुंबत राहायचो. वहिनी एकट्या, किती जणींना हात देणार? मला ते बघवेना. एका रविवारी तळ्याकाठच्या देवळाच्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सगळ्या बसल्या असताना मी उभी राहिले. पाठीवर भोपळा तसाच होता. मी म्हणाले की जो मागच्याला हात देत नाही त्याला पुढे जायचा अधिकार नाही. म्हणाले की वेगाने पोहता येणं ही देणगी असेल, पण ती एकट्याची मालमत्ता नव्हे. आणखीही बरंच म्हणाले. मग नियम मांडला. शर्यतीच्या प्रत्येक मुलीने एक नवी मुलगी शिकवायला घ्यायची, आणि ती नवी मुलगी मोकळी होऊन देवळाच्या पायऱ्यांपासून समोरच्या धुण्याच्या दगडापर्यंत तळं पार करेपर्यंत शिकवणारीचं नाव ठाण्याला पाठवायचं नाही.

टाळ्या पडल्या. वहिनींनीही वाजवल्या.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मासेवाल्यांच्या आळीतल्या त्या मुलीला माझी चिठ्ठी आली. तिला वाचता येत होतं, पण सावकाश. तिने माझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, मग माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

“अगं बाय! ठाण्याला जायचं आन गळ्यात दगड?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी दगड असले तरी दोन महिने हातात होते.

त्या दिवसापासून ती मला ‘पत्रक’ म्हणायला लागली. “ए पत्रक, पाय हालव.” “पत्रक, पोट सोड, पोट.” “पत्रक गं, पान्याला भाषन देते काय? तोंड मिट. तोंड मिटलंस तर तरशील.” कारण मी पाण्यातही बोलायची. घाबरले की बोलायची. ‘थांब’, ‘ऐक’, ‘माझं म्हणणं असं’, आणि त्यावर तळं तोंडात यायचं.

भोपळ्यावरून दोन नारळांवर मी लवकर आले. दोनांवरून एकावर यायला खूप वेळ लागला. एकाच नारळावर मी एका बाजूला कलायची, आणि कलले की भोवळ यायची. ती वैतागायची, चिमटे काढायची, माझ्या बोलण्याची नक्कल करायची. पण सकाळी चुकायची नाही. आदल्या दिवशी बाजाराला जाऊन दमलेली असली तरी अंधारात येऊन आमच्या ओटीवर खडा मारायची. शर्यतीच्या इतर दोघी होत्या, त्यांच्या नव्या मुली एप्रिलच्या मध्याला पार झाल्यासुद्धा.

एकदा मी तिला विचारलं, तुला ठाण्याला कशाला जायचंय? माझ्या डोक्यात काहीतरी थोर उत्तर होतं, कोळणीच्या पोरीला ढाल वगैरे.

ती पायऱ्यांवर बसून केस पिळत होती. “हितं माज्या पुढं कोन नसतं,” ती म्हणाली. “हात मारते, बगते, पुढं नुसतं पानी. ठान्याला कोनतरी आसंल माज्या पुढं जानारी. ती कशी जाते ते एकदा बगायचंय मला.”

“आणि तूच पहिली आलीस तर?”

“मग ठान्यात बी कोन नाय म्हनायचं,” ती म्हणाली आणि खूप हसली.

पावसाळ्यात तिला सोळा पूर्ण होणार होती. पुढच्या वर्षी त्या शर्यतीत तिला घेणार नव्हते, आणि मोठ्या बायकांची शर्यत नव्हतीच. तिचं ठाणं या एका उन्हाळ्याचं होतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि वहिनींनाही. वहिनींनी तिच्यासाठी जुन्या काळ्या साटीनच्या परकराचा पोहण्याचा पोशाख शिवायला घेतला होता. माप घेताना ती गुदगुल्या झाल्यासारखी वाकत होती आणि वहिनी तोंडात टाचण्या धरून तिला गप्प बसायच्या खुणा करत होत्या.

नावं पाठवायला आठवडा उरला तेव्हा मी अजून एका नारळावरच होते. वहिनींनी आम्हा सगळ्यांना पायऱ्यांवर बोलावलं.

“हे बघा गं पोरींनो,” त्या म्हणाल्या, “नियम चांगला आहे. पण नियम आपणच केलाय. यंदापुरतं हिचं नाव तसंच पाठवू. हिची जोडीदारीण काय, पावसाआधी पार होईलच.”

कोणाचाच विरोध नव्हता. मला गप्प बसायचं होतं, असं आज मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. मला बोलायचंच होतं. मी म्हणाले, “अडचण आली की वाकतो तो नियम कसला? मग मोठ्या माणसांच्या नियमांत आणि आपल्यात फरक काय राहिला? मी पार होणार आहे. याच आठवड्यात.”

ती माझ्या शेजारी बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही. पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडत म्हणाली, “चल मग. नारळ सोड.”

तो आठवडा मी नारळाशिवाय पाण्यात काढला. पाणी इतकं प्याले की घरी जेवण जाईना. बाबा म्हणाले, “आपण लिहिलेलं आधी आपल्याला लागू होतं. हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं.” ते वाक्य मी मनात छापून घेतलं. आई वाढता वाढता म्हणाली, “मासा खा थोडा, अंगात ताकद येईल,” आणि ते मी ऐकलं नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तळ्यावर सगळ्या जमल्या. वहिनींचे यजमान दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघून बोईसरला गाडी पकडणार होते आणि नावं ठाण्याला पोचवणार होते. मंडळाची काही मुलंही बंधाऱ्यावर येऊन बसली होती. चिटणीस ओरडला, “पत्रक पाण्यात भिजतं बरं का!” तिने खालूनच उत्तर दिलं, “आन तू वाऱ्यानं फाटतोस! बस गप!”

मी निघाले. ती माझ्या बाजूने, हातभर अंतर ठेवून. तिने मला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

“माज्याकडं बग. काठाकडं बगू नको. काठ कुटं जात नाय.”

मधल्या खोल पाण्यापर्यंत मी गेले, आणि ते खरंखुरं पोहणं होतं. ते मला कोणी नाकारू शकणार नाही. हात पडत होते, पाय पडत होते, तोंड मिटलेलं होतं. काळंशार, थंड पाणी पोटाखाली होतं आणि मी त्याच्यावर होते. पण अर्ध्याच्या पुढे गेल्यावर श्वास चुकला. नाकात पाणी गेलं, हात झाडायला लागले, पाय खाली गेले. आणि पायांना काहीतरी लागलं.

मऊ होतं, कोमट होतं. पहिल्यांदा कळलंच नाही काय ते. मग कळलं, तो गाळ होता. त्या उन्हाळ्यात तळं बरंच आटलं होतं आणि धुण्याच्या दगडाच्या बाजूने गाळाची लांब जीभ आत आली होती. मोकळ्या मुली वरून सरळ जायच्या, तिथे पाय टेकून बघायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. पाणी माझ्या गळ्यापर्यंत होतं. मी अंगठ्यावर उभी राहिले. मग एक पाऊल टाकलं. हात मात्र वरून पोहल्यासारखेच मारत होते. मग आणखी एक पाऊल. श्वास आला. मी चालत होते आणि वरून पोहत होते, आणि मुली ओरडत होत्या, “आली, आली, आली!”

मी दगडाला हात लावला.

ती माझ्या आधी पाण्याबाहेर उडी मारून उभी होती. “सुटले गं बाय, सुटले!” म्हणत तिने मला मिठी मारली, मग मिठी सोडून नाचली, मग परत मिठी मारली. आणि तेव्हा तिने खाली बघितलं. माझे पाय पोटरीपर्यंत काळ्या गाळाने माखले होते. बोटांच्या फटींतून तो गाळ बाहेर येत होता.

ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्या पायांवर ओतलं. परत ओतलं. तळहाताने पोटरीवरचा गाळ निपटून काढला. ती बसलेली, मी उभी. वर न बघता ती हळूच म्हणाली, “चल. बाकीच्या येतायत.”

वहिनी बंधाऱ्यावरून फिरून आल्या. मुली आल्या. टाळ्या, आरडाओरडा. कोणीतरी पोशाखाचं विचारलं आणि वहिनी म्हणाल्या, “आज रात्री गुंड्या लावून टाकते.”

मी म्हणाले, “वहिनी, मी शेवटी चालले.”

कोणाला ऐकूच आलं नाही. मी परत म्हणाले, मोठ्याने. मला मोठ्याने बोलायची सवय होती.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, “मला तर तसं काही दिसलं नाही हो.”

ती माझ्यासाठी उघडी ठेवलेली वाट होती. आज मला ती स्पष्ट दिसते. वहिनींनी सगळं पाहिलं होतं, आणि पाहूनही वाट उघडी ठेवली होती. मी त्या वाटेने गेले नाही. मी म्हणाले, “इथे गाळ आहे. पाय टेकतात. मी पोहून पार झाले नाही.”

बंधाऱ्यावर कोणी हसलं. मग तेही थांबलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातावर अजून माझ्या पायाचा गाळ होता.

“तुला कोनी इच्यारलं व्हतं?” ती म्हणाली.

माझ्याकडे उत्तर होतं. मला वाटतं, एखादं मोठं वाक्य तयारसुद्धा होतं. पण ती थांबलीच नाही. “परत जा,” म्हणाली. “उजेड हाय अजून. पायऱ्यांपासनं परत कर.”

मी परत गेले. पायऱ्यांपासून निघाले आणि तळ्याचा तिसरा हिस्सासुद्धा गेले नसेन. अंगात काही उरलंच नव्हतं. पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा तिने मला केसांना धरून वर ओढलं आणि पायऱ्यांवर आणून टाकलं. मी खोकत होते. ती शेजारी बसून होती, धापा टाकत. वहिनी म्हणाल्या, “पुरे आता.” कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

सकाळच्या एस.टी.ने दोन नावं गेली. तिचं नव्हतं.

आदल्या संध्याकाळीच, तळ्यावरून आल्यावर, मी घरी सगळं सांगितलं होतं. बाबांनी जेवता जेवता हात थांबवला. त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. “शाबास,” ते म्हणाले. “स्वतःच्या नुकसानीचं खरं बोलायला धैर्य लागतं.”

आई पाटावर बसली होती. ती म्हणाली, “हिचं काय नुकसान झालं?”

आई उठून पाणी आणायला गेली. ती काही कडू बोलली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं म्हणून तिने विचारलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधते. मी खोटं बोलायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. ते माझ्याने म्हणवत नाही, आणि म्हटलं तर मी जे काही लिहिते त्यावर मला बोळा फिरवावा लागेल. पण माझं खरं मी माझ्या खिशातून दिलं नव्हतं. नियम मी केला, शिथिल मी होऊ दिला नाही, पाय मी टेकले आणि खरंही मीच बोलले. या सगळ्यात तिने काय केलं होतं? मला पोहायला शिकवलं होतं. माझे पाय धुतले होते.

मला वाटलं, आता ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ओटीवर खडा पडला.

मी बाहेर गेले. ती पाठमोरी उभी होती. “चल,” म्हणाली.

“आता कशाला?”

“अर्धं शिकवलेलं मानूस बुडतं,” ती म्हणाली. “ज्याला येत नाय तो पान्यात जात नाय. ज्याला येतं तो बुडत नाय. तुला अर्धं येतं. उद्या भाषन देत देत जाशील खाडीत, आन लोक म्हनतील हिला कोनी शिकवलं?”

त्यात माया नव्हती, राग होता. मला त्याचंच बरं वाटलं. वाटेत मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, “तोंड मिट.” त्यानंतर ती मला पत्रक म्हणाली नाही. कोणत्याच नावाने हाक मारली नाही. “हात.” “पाय.” “श्वास.” एवढंच. नक्कल नाही, चिमटे नाहीत. मला तिच्या चिमट्यांची इतकी आठवण यायची की पाण्यात रडू यायचं, आणि पाण्यात रडलेलं कोणाला दिसत नाही ही सोय होती.

ठाण्याच्या स्पर्धेचा दिवस आला. पहाटेच वहिनी आणि त्या दोघी बोईसरला निघून गेल्या होत्या. तळ्यावर कोणीच नव्हतं. ती आली आणि साडी काढून पायरीवर ठेवली. आत वहिनींनी शिवलेला काळा साटीनचा पोशाख होता. खांद्यावर दोन पांढऱ्या गुंड्या होत्या. मी बघत राहिले.

“काय बगतेस? शिवलाय तर घालू नको?”

तिने मला बंधाऱ्यावरून फिरवून धुण्याच्या दगडाकडे नेलं. “आज हिकडून तिकडं जायचं,” म्हणाली. “हितं चालत आत जा, पाय टेकतात तवर. मग म्होरं पाय टेकायला काय नाय. पायऱ्यांकडं तळ नाय.”

इतके दिवस आम्ही सगळ्या पायऱ्यांकडूनच निघायचो, कारण भोपळा तिथे बांधायचो म्हणून. उलटं निघावं हे कोणालाच सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. नियम लिहिताना मी लिहिलं होतं, पायऱ्यांपासून दगडापर्यंत.

मी गाळातून चालत गेले. गाळ मऊ होता, कोमट होता, तसाच. मग तो संपला. त्यापुढे मी पोहले. ती बाजूला होती की नव्हती, मला माहीत नाही, मी बघितलं नाही. तोंड मिटलेलं होतं. पायरीच्या कडेला माझी बोटं लागली तेव्हा मी तिथेच धरून राहिले. पाय खाली सोडून बघितले, खाली काहीच नव्हतं.

ती आधीच पायऱ्यांवर बसली होती. “झालं,” म्हणाली. “आता नाय बुडायचीस.”

मग ती उठली. सर्वांत खालच्या पायरीवर बोटांच्या टोकांवर उभी राहिली, वहिनींनी शिकवलं होतं तशी, गुडघे वाकवून, हात मागे. माझ्याकडे न बघता म्हणाली, “थाळी वाजव.”

“थाळी वहिनींकडे आहे.”

“मग काय बी वाजव.”

माझे ते दोन सुके नारळ देवळाच्या खांबापाशी पडलेले होते. मी ते उचलले आणि एकमेकांवर आपटले. कोरडा आवाज झाला.

ती गेली. मी तिला अनेकदा पोहताना बघितलं होतं, पण प्रत्येक वेळी काठाशी डुंबत, स्वतःचा जीव सांभाळत. तिला नुसतं उभं राहून मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पाणी तिच्या खांद्यांवरून मागे जात होतं. डोकं आत, मग कुशीवर एक श्वास, मग आत. धुण्याच्या दगडाला हात लावून ती वळली, गाळात पाय न टेकता, आणि तितक्याच वेगाने परत आली. शेवटच्या काही हातांत तिने श्वाससुद्धा घेतला नाही. ठाण्याला आत्ता असंच काहीतरी होत असेल, असं माझ्या मनात आलं. तिथे थाळीऐवजी शिट्टी असेल. माणसं असतील. शेजारच्या पट्ट्यांत मुली असतील.

तिने पायरी धरली. केस मागे सारले. कितीतरी वेळ ती तशीच पाण्यात राहिली, एक हात पायरीवर ठेवून, मागच्या रिकाम्या तळ्याकडे वळून बघत. डब्यांचे पट्टे तिने उठवलेल्या लाटांवर अजून हलत होते.

“आज बी पुढं कोन नव्हतं,” ती म्हणाली.

माझ्या हातांत नारळ होते. मी तोंड मिटलेलं ठेवलं.